मावशींची लवंग

कामाला बसण्याआधी मावशी पदराच्या गाठीतून एक लवंग काढायच्या, जिभेखाली ठेवायच्या आणि ओठ मिटून घ्यायच्या. नवीन माणसाने काही विचारलं, तर ओठांवर बोट ठेवून जड जिभेने सांगायच्या, “पहारेकरी बसवलाय.”

नवीन माणूस हसायचा. आम्ही जुने लोक खाली बघायचो.

आमचा टॉवेलचा कारखाना सोलापुरात एमआयडीसीत आहे. मी तिथे हिशेब बघतो. मावशी चेकिंगला होत्या. त्यांच्या टेबलाला काच आणि काचेखाली दिवा. त्यावर टॉवेल पसरला की सुटलेला धागा, तेलाचा ठिपका, विरळ वीण, सगळं दिसतं. असा सदोष टॉवेल ‘सेकंड’ म्हणून वेगळ्या ढिगात जातो आणि कमी भावात निघतो. मावशी नुसतं ‘सेकंड’ म्हणून टॉवेल टाकत नसत. डागावर बोट ठेवून दाखवायच्या, मगच टाकायच्या. त्यांनी पाठवलेला आकडा मला कधी पुन्हा तपासावा लागला नाही.

माणसांच्या बाबतीतही त्यांची नजर तशीच होती, आणि तेव्हा लवंग नव्हती.

सुपरवायझर केस काळे करून आले, तर मावशी टॉवेलवरून मान वर न करता म्हणाल्या, “रंग पक्का न्हाय. दोन धुण्यांत उतरंल.” माझी अंगकाठी बारीक. माझ्याबद्दल म्हणाल्या, “आमचा हिशेबदार म्हंजे नुसती किनार. मधी कापडच न्हाय.” मावशी आमच्याच चर्चच्या. मी त्यांच्याच ओळीत बसायचो. पाळकसाहेबांचा संदेश, म्हणजे प्रवचन, लांबला की माझ्याकडे कलून कुजबुजायच्या, “आज तागा सुटलाय, कापायला कुनी न्हाय.” मी रुमालात तोंड घालायचो.

तुम्हीही हसला असतात. वळसंगकडची ती बोली, चेहऱ्यावर सुरकुतीही न हलवता बोलण्याची ती रीत. मी त्यांची वाक्यं घरी घेऊन जायचो. जेवायला बसलं की बायको विचारायची, “आज काय म्हणाल्या मावशी?” मी सांगायचो आणि आमच्या जेवणाला चव यायची. हिशेबाचा माणूस असूनही मी किती वेळा हसलो, ते मला सांगता येणार नाही.

घडी घालायच्या विभागात पद्मा नावाची मुलगी होती. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातली, अबोल, हात फार सफाईदार. तिचं ठरलेलं लग्न मोडलं. का, ते आम्हाला माहीत नव्हतं, आणि माहीत असायचं कारणही नव्हतं. चार दिवस घरी राहून ती कामावर आली ती नवी पिवळी साडी नेसून. आपलं ठीक चाललंय हे दाखवण्यासाठी आली असावी.

जेवणाच्या सुट्टीत मावशींनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, “पॅकिंग झकास हाय. पर सेकंडचा माल, गिऱ्हाईक परत करनारच की.”

सगळा हॉल हसला. मी माझ्या काचेच्या खिडकीआड हसलो. पद्मासुद्धा थोडं हसली, आणि मग तिने डबा बंद केला.

रात्री जेवताना मी ते वाक्य घरी सांगितलं. बायको हसली नाही. “मुलगी समोर होती?” एवढंच तिने विचारलं. मी आमटी मागितली.

नाव चिकटलं. लोडिंगची पोरं पद्माला ‘सेकंड’ म्हणू लागली. एकाने तर मोबाइलमध्ये तिचा नंबर त्याच नावाने ठेवला होता, आणि तो सगळ्यांना दाखवत होता. काही दिवसांनी तिच्यासाठी दुसरं स्थळ आलं. मुलाकडची माणसं चौकशीला कारखान्याच्या गेटवर आली आणि पद्मा कशी आहे म्हणून विचारू लागली. लोडिंगचा एकजण म्हणाला, “कोण, सेकंड होय?” माणसं तिथूनच परत गेली. निरोपही पाठवला नाही.

पद्मा कामावर यायची बंद झाली. तिची आई आली. आम्हाला वाटलं, भांडेल. ती सरळ मावशींच्या टेबलापाशी गेली आणि हळू आवाजात म्हणाली, “तुमी तपासनारे ना? आमच्या पोरीत डाग कुटं हाय, बोट ठिवून दाखवा.”

मावशींचा हात काचेवर होता. खाली दिवा चालू होता. बोट हललं नाही.

“दाखवा की,” ती परत म्हणाली. मग ती गेली. तिने बाकी कोणाकडे पाहिलं नाही. मी उगाच संगणकावर काहीतरी टाइप करत होतो.

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. लोक ओळीने उठून पुढे जातात, भाकर आणि द्राक्षारस घेतात. ज्याचं कोणाशी वाकडं आहे, ज्याने कोणाचं मन मोडलं आहे, त्याने आधी ते मिटवून यावं, अशी जुनी शिकवण आहे. शिकवण सगळ्यांना पाठ आहे, आणि जवळपास सगळेच पुढे जातात. त्या रविवारी मावशी उठल्या नाहीत. आमच्या ओळीत त्या कडेला बसायच्या, त्यामुळे आम्हाला त्यांच्यासमोरून सरकावं लागलं. त्यांनी गुडघे एका बाजूला घेतले आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, “जावा, जावा.”

मी गेलो. भाकर घेतली. परत येताना पुन्हा त्यांचे गुडघे ओलांडले. सेकंड म्हणणारी बाकावर बसली होती आणि त्यावर हसणारा भाकर चावत जागेवर येत होता. त्या वेळी मला यात काही चुकलेलं दिसलं नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मावशी हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या. हात जोडले. “समद्यांनी ऐका,” म्हणाल्या. “मी पद्माला बोलले ते खोटं हुतं. पोरगी सोन्यासारखी हाय. सेकंड हाय ती माझी जीभ.”

आणि हॉल हसला.

वाईटपणाने नाही हसला, हे मी सांगू शकतो, कारण मीही हसलो. त्यांनी तोंड उघडलं की हसायचं, ही आम्हाला सवयच लागली होती. लोडिंगच्या एका पोराने शिट्टी मारली. मावशी हात जोडून, हशा थांबेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं दिसलं तेव्हा एकेकजण गप्प झाला, पण सगळ्यांना ते दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी लवंग आली.

मला त्यांनी कारण सांगितलं ते नळावर. “हिशेबदार, मी रडाय लागले तरी लोकांस्नी नकलाच वाटत्यात. मग आदी गप ऱ्हायला शिकाय पायजे.” तोंडापाशी पहारा ठेव अशी देवाला केलेली विनवणी बायबलमधल्या एका स्तोत्रात आहे. पाळकसाहेबांनी त्यावर कधीतरी संदेश दिला होता. आम्ही तो ऐकून घरी गेलो होतो. मावशींनी तो कामावरच्या सूचनेसारखा घेतला. पहारेकरी हवा, तर रोज ड्यूटीवर बसवावा लागतो, असं त्यांचं साधं म्हणणं होतं.

आम्ही काय केलं, तेही सांगतो. आम्ही त्यांना बोलतं करायला बघत होतो. सुपरवायझर नवीन शर्ट घालून आले की कोणीतरी म्हणायचं, “मावशी, एक होऊन जाऊ द्या.” मावशी मान हलवायच्या. “अहो, छोटंसं.” त्या दातांत लवंग धरून दाखवायच्या. “थुंका ती,” असंही एक बाई म्हणाली. कारखाना कंटाळवाणा झाला होता, आणि त्याचा दोष आम्ही त्यांच्यावर टाकत होतो.

एकदा मी विचारलं, “लवंगेनं जमतं का हो?”

“तोंडापुरतं जमतं,” त्या म्हणाल्या. “आत कारखाना तिन्ही पाळ्यांत चालू हाय. साहेब दिसला की एक तयार हुतंय. तुमी दिसलासा की दुसरं.”

“माझ्यावर काय तयार झालंय?” मी विचारलं. मला खरंच ऐकायचं होतं.

“बघा,” म्हणाल्या, “मी आतून कडी लावते, अन् तुमी बाहेरनं दार हलवताय.”

मग त्यांनी आणखी एक सुरू केलं. संध्याकाळी काम सुटलं की नळावर जाऊन त्या डोळे धुवायच्या. तोंड धुतो तसं नाही, डोळ्यांत पाणी मारून, मिटून, थोडं थांबून, ओठ हलवत. लोकांना वाटलं, दिव्याने डोळे जळजळत असतील. मला म्हणाल्या, “डाग हुडकायची नजर हितंच ठिवून जाते. पगार हितला हाय, नजर बी हितलीच. घरला न्हेली की शेजारीन दिसती, सून दिसती, अन् बोट उठतंय.” मग हसून म्हणाल्या, “रोज धुते. रोज परत येती माझ्यासंगट. कुत्र्यावानी.”

एकदा पहारेकरी झोपला. सुपरवायझरांनी मालाच्या दर्जावर लांबलचक भाषण दिलं. ते वळले आणि मावशींच्या तोंडून निघून गेलं, “लांबी लई हाय, पर रुंदी न्हाय.” हॉल कोसळला. किती दिवसांचं साठलेलं हसू होतं ते. मावशी टेबलाला धरून उभ्या राहिल्या. जेवल्या नाहीत. संध्याकाळी त्यांचा चेहरा पाहून मी म्हटलं, “मावशी, एवढं काय त्यात? त्यांनी ऐकलंसुद्धा नाही.”

“त्येचं न्हाय ओ,” त्या म्हणाल्या. “तुमी समदे हसलासा अन् मला गोड लागलं. तोंडात लवंग हुती, तरी गोड लागलं.”

दर शनिवारी कामावरून त्या थेट पद्माच्या घरी जायच्या. हे मला त्यांनीच सांगितलं, तेही विचारलं म्हणून. पद्मा आता आईबरोबर घरी विड्या वळत होती. पहिल्या वेळी आईने दारात पाणी दिलं आणि आत निघून गेली. पद्मा पाठ करून बसलेली. मावशी उंबऱ्यापाशी बसून राहिल्या आणि उठून आल्या. पुढच्या शनिवारी परत तेच.

“तिथं काय बोलता?” मी विचारलं.

“काय न्हाय. माफी एकदा मागितली. रोज रोज मागितली तर ती बी तिलाच तरास.”

पुढे केव्हातरी आईने विडीची पानं कापायची कात्री त्यांच्याकडे सरकवली. मावशी ती बातमी सांगताना एवढ्या लाजल्या की मला दुसरीकडे बघावं लागलं. त्यानंतर शनिवारी त्या पानं कापायला बसू लागल्या. पद्मा बोलत नव्हती. आमच्या ओळीत पहिल्या रविवारी गुडघे बाजूला होत होते. “जावा, जावा.” आणि मी जात होतो.

मग एका पहिल्या रविवारी मावशी उठल्या. माझ्या पुढे चालत गेल्या, पदर डोक्यावर घेऊन. बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलंच. “पद्मा बोलली?”

“काल मला उशीर झाला,” मावशी म्हणाल्या. “बस मिळंना. दारात गेले तर आतनं म्हनली, ‘आज उशीर का?’”

“एवढंच?”

“एवढंच.” त्यांनी पदराने डोळे पुसले. “वाट बघितली तिनं, हिशेबदार.”

गेल्या हिवाळ्यात मावशी वारल्या. दोन दिवस ताप आणि मग छातीत दुखलं. कारखान्यातून एक टेम्पोभर माणसं दफनभूमीत आली. सुपरवायझर सगळ्यांत जास्त रडले. शवपेटी खाली सोडत असताना मला फाटकापाशी पद्मा आणि तिची आई दिसल्या. आत येऊ की नको अशा उभ्या होत्या. मी जाऊन त्यांना आत घेऊन यायला हवं होतं. मी मूठभर माती उचलली आणि त्यांच्याकडे पाठ केली. शेवटी मावशींची सून गेली आणि पद्माचा हात धरून तिला आत घेऊन आली.

त्यानंतर एका शनिवारी मी पूर्व भागात गेलो. पत्ता विचारायची गरज पडली नाही, गल्ली मावशींच्या बोलण्यातून पाठ झाली होती. कोपऱ्यावरून दार दिसलं. उघडं होतं, उंबऱ्याशी सुपात पानं होती. आत जाऊन काय सांगायचं? मी तुम्हाला काही बोललो नव्हतो, फक्त हसलो होतो, असं? कोपऱ्यावर पेरूची गाडी होती. मी पेरू घेतले आणि घरी आलो. बायकोने विचारलं, “एवढ्या लांब पेरूसाठी?” मी गप्प बसलो. माझ्या गप्प बसण्यात आणि मावशींच्या गप्प बसण्यात काय फरक आहे, ते मला चांगलं कळतं.

पहिल्या रविवारी हल्ली मी त्यांच्या जागेवर, ओळीच्या कडेला बसतो. पाळकसाहेब बोलावतात, ओळ उठते. शेजारचे लोक क्षणभर थांबतात, मी उठेन म्हणून. मी गुडघे एका बाजूला घेतो.

“जा,” मी म्हणतो. “जा तुम्ही.”