खकाण्यातला बाक

वरवट बकालला मिरची कांडपावर माझ्या शेजारी बाकावर एक बाई बसली होती, मांडीवर रिकाम्या पिशवीची घडी घेऊन. ती कोरडं खोकायची आणि दर वेळी तोंडावर पदर धरून मी सरकते का, ते बघायची. मी सरकले नाही.

"टीबी नाही बाई," ती म्हणाली. "छातीत गाठ होती, तिले रेडिएशनचा शेक देल्ला. गाठ गेली, पण शेकानं फुफ्फुसाले सूज आली. दोन-तीन महिन्यांनी हा खोकला लागला. डॉक्टर म्हणे, गोळ्यांनी सूज उतरते, कोणाले लागत नाही. तरी घरी माहा गिलास वेगळा."

"मंग या तिखटाच्या खकाण्यात काऊन बसता, मावशी? मिरची कुठी हाये तुमची?"

"मिरची नाही आणली," ती हसली. "इथं सारेच खोकलतात. कोणी उठून जात नाही."

तेवढ्यात यंत्रातून तिखटाचा लोट आला. मला जबर ठसका लागला आणि डोळे चोळत मी पाण्यासाठी बाहेर पळाले.

परत आले तेव्हा बाक रिकामा होता. मी मिरचीमुळं उठले, हे तिला सांगायचं राहूनच गेलं.