पोटोबा सरांच्या तीन बंड्या

शरीररचना शिकवण्यात हयात घालवलेल्या या गृहस्थांचं खरं नाव त्यांच्या पगारपत्रकाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. विद्यार्थी त्यांना पोटोबा सर म्हणत. मेंदू आणि हृदय ही त्यांच्या मते लाडावलेली मंडळी. खरी कारागिरी पोटाच्या भिंतीत.

त्या भिंतीच्या तासाला सर बायकोने शिवलेल्या तीन बंड्या एकावर एक घालून येत. वरच्या बंडीचे पट्टे बरगड्यांकडून तिरपे मध्याकडे उतरणारे, मधलीचे उलट वर चढणारे, आतलीचे सरळ आडवे. पोटाच्या तीन स्नायूंचे धागे असेच जातात. शिवाय पुढे मध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक रुंद पट्टी, म्हणजे उभे स्नायू. बंड्यांचे पदर त्यांना पुढून-मागून कवेत घेत. पण बेंबीच्या थोडं खाली गेलं, की शिवण बदलायची: सगळे पदर पुढे आणि मागे नुसतं पातळ अस्तर.

"हे असलं कुणी बेतलंय हो?" शिवताना बायकोने विचारलं होतं.

"तक्रार माझ्याकडे नको. मी फक्त शिकवतो."

नेमकी याच शिवणीवर एक हुशार मुलगी तोंडी परीक्षेत आपटली. मागचा पदर तिने ठणकावून तळापर्यंत नेला, आणि सरांनी तितक्याच ठामपणे तिला नापास केलं.

पुढे ती नावाजलेली सर्जन झाली. आणि सरांच्या पोटावर, डाव्या बाजूला, बरोबर त्या शिवणीच्या कडेला एक फुगवटा आला. खोकलं की वर, आडवं झालं की गायब. सरांनी आरशासमोर निदान केलं, सोनोग्राफीने त्याला दुजोरा दिला.

"साधा हर्निया कुणालाही होतो," ते बायकोला म्हणाले. "हा भेटतो पुस्तकात."

"मग सत्कार ठेवू का तुमचा?"

"फट अरुंद आहे गं. आतडं अडकलं तर पंचाईत. शिवून घ्यावी लागेल. त्या मुलीकडून."

बायकोच्या हातातला डाव भांड्यातच राहिला. "जिला नापास केलंत, तिच्या हातात सुरी देताय?"

"बाकीच्यांनी बरोबर उत्तर दिलं आणि दाराबाहेर पडताच विसरले. ही जन्मात विसरायची नाही."

"तुम्हालाही जन्मात विसरू द्यायचं नाही, असं तिने ठरवलं असेल तर?"

यावर सरांनी पाणी मागितलं.

ऑपरेशन टेबलावर छातीखालचं शरीर बधिर झालं, पण तोंड शाबूत होतं. "वरचा पदर धड दिसेल," सर पडद्याआडून म्हणाले. "फसू नकोस. फट त्याच्या आत आहे."

"सापडली, सर."

"आणि मागचा पदर–"

"सर, तुम्ही बोललात की पोट हलतं. माझी परीक्षा झालीये. दोनदा."

भूल देणारे डॉक्टर मास्कमागे खाकरले. सरांनी तोंड मिटलं. वरचा दिवा बघत पडल्यापडल्या त्यांच्या ध्यानात आलं, की आज बंडी काढून खुंटीला टांगायची सोय नाही.

बऱ्याच वेळाने आवाज आला, "सर, आता खोका."

सर खोकले.

"असं लाजत नको. वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जायला हवं."

वाक्य त्यांचंच होतं. सर होतं नव्हतं ते सगळं बळ काढून खोकले.

"टाके पक्के आहेत," ती म्हणाली. "पण काही आठवडे वजन उचलायचं नाही आणि तास घ्यायचे नाहीत. तुम्ही शिकवत नाही, कुस्ती खेळता."

"मग भिंतीचा तास?"

"बंड्या पाठवून द्या."

बायकोने तिन्ही बंड्या बाजूंनी आत घेऊन दिल्या. तासाच्या दिवशी शिवणीपाशी बोट आणून सर्जनबाई थांबल्या. "इथे मी नापास झाले. ज्यांनी केलं, ते मागे बसलेत. त्यांच्या पोटात नेमके इथेच माझे टाके आहेत. तेव्हा मी सांगते ते नीट लिहून घ्या."

वर्ग खदखदून हसला.

"अहो, तुम्ही नका हसू," शेजारी बसलेली बायको कुजबुजली.

सरांनी दोन्ही हातांनी पोट घट्ट दाबून धरलं आणि हसून घेतलं.