दोनदा नको

थुक्तेन जाम्छो हा भूतानच्या डोंगरातल्या युद्रोंग गावाला आलेला सातवा शिक्षक. आधीचे सहा जसे आले तसे गेले. त्यातला एक तर पुढ्यातला चहा गार व्हायच्या आत गेला, असं लोक अजून सांगतात, आणि त्यात फार अतिशयोक्ती नाही. त्राशीगांगच्या बस-थांब्यापासून अडीच दिवसांची चढण, त्यात शेवटचा अर्धा दिवस जळवांच्या संगतीत. कोण टिकणार?

थुक्तेनला तर मुळात मास्तर व्हायचंच नव्हतं. त्याला बस चालवायची होती. परवानाही काढून झाला होता. पण परीक्षेत मार्क बरे पडले आणि सरकारने त्याला उचलून मास्तरांच्या कॉलेजात टाकलं. गाड्यांचा एवढा वेडा माणूस, आणि नेमणूक कुठे, तर जिथे चाक म्हणून फक्त प्रार्थनेचंच फिरतं तिथे.

पहिल्या दिवशी गावचे कारभारी मेमे नामगे यांच्या घरी त्याचं जेवण होतं. मेमे म्हणजे आजोबा, आणि नामगे अख्ख्या गावाचेच आजोबा. शाळेत मुलांचं जेवण रांधणारी आमा केझांग वाढायला होती. दुसऱ्यांदा भात वाढायला ती आली तसा थुक्तेनने तोंडावर हात धरला.

"मेशु मेशु. नको, ला. पोट भरलं."

"असं कसं भरलं? एवढं चढून आलात," म्हणत तिने वाढला.

आता थुक्तेनही भूतानचाच. पाहुण्याने तोंडावर हात धरून 'मेशु मेशु' करत, आदराचा 'ला' लावत दोनदा नको म्हणायचं, यजमानाने तिसऱ्यांदा आग्रह करायचा आणि मग हात काढायचा, हे त्याला आईच्या मांडीवरच कळलं होतं. पण त्या रात्रीचा त्याचा नकार खरा होता, आणि खऱ्या नकाराला आमच्याकडे वेगळा शब्द नाही. जेवण झाल्यावर तो सरळ म्हणाला, "मेमे, मी इथे राहणार नाही. बदलीचा अर्ज खिशातच आहे."

मेमे कौतुकाने हसले. "किती चांगल्या घरचा मुलगा," ते केझांगला म्हणाले. "आल्या आल्या नको म्हणाला."

तीन आठवडे हे असंच चाललं. लोण्याचा चहा, चीज-मिरची, कुटलेला मका, घरोघरची आरा म्हणजे गावठी दारू. नको म्हणावं तितकं ताट भरायचं. शेवटी पोटाने हात टेकले आणि डोकंही फिरलं. त्याने पालकांना शाळेत बोलावलं आणि फळ्यावर खडूने लिहिलं: नको म्हणजे नको.

"मी नको म्हटलं की परत विचारायचं नाही. मुलांनाही मी हेच शिकवणार. बाहेरच्या जगात असंच चालतं."

लोकांनी मान डोलावली. लोपेन, म्हणजे शिक्षक, फळ्यावर लिहितो ते शिकायचं असतं. आठवड्याभरात अख्खं गाव शिकलं. मेमेंची नात चोकी मावशीकडे एकदाच नको म्हणाली आणि उपाशी घरी आली, तेव्हा मावशीलाच रडू फुटलं. पण धडा पक्का झाला.

थुक्तेन मात्र बदलीची वाट बघत होता. अर्ज त्याने पहिल्याच महिन्यात घोडेवाल्याबरोबर खाली धाडला. वेळ जाईना म्हणून त्याने वर्गाची बस केली. डब्याचं झाकण हातात धरून पुढे बसायचा, मागे बाकांवर तेवीस उतारू. एकेक गाव यायचं, तिथली नदी, तिथलं पीक मुलं ओरडून सांगायची. या मुलांना इंग्रजीचं पहिलं अख्खं वाक्य आलं ते 'खिडकीबाहेर डोकं काढू नका' हे. दोन हिवाळे असे गेले आणि अर्जाची आठवणही राहिली नाही.

मग एका सकाळी सरकारी पाकीट आलं. पत्रं तेव्हा चोकीच वाचायची. गावाची पत्रं गावातलंच पोर वाचतं याची मेमेंना भारी मिजास. नऊ वर्षांची ती पोर दगडावर उभी राहिली आणि खणखणीत वाचू लागली. लोपेन थुक्तेन जाम्छो यांची बदली त्यांच्या विनंतीनुसार मंजूर. नको असल्यास तसं लेखी कळवावं. युद्रोंगसाठी सध्या दुसरा शिक्षक नाही, सबब शाळा बंद करून मुलांना खालच्या वसतिगृहात हलवावं.

तिचा आवाज शेवटी बारीक झाला. वसतिगृह दोन दिवसांवर. सर्वांत धाकटं पोर सहा वर्षांचं.

मेमेंनी घसा साफ केला. "लोपेन, राहाल का, ला?"

थुक्तेनला राहायचं होतं. पण इतका मोठा मान एका हाकेत घ्यायचा म्हणजे अधाशीपणा. हात आपोआप तोंडावर गेला.

"नको, ला," तो म्हणाला आणि दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत उभा राहिला.

"बरं, ला," मेमे म्हणाले आणि घराकडे वळले.

तीन दिवस त्याने सामान बांधलं. सोडलं, पुन्हा बांधलं. मेमे रोज येऊन बसत, हवापाण्याचं बोलत, आणि विचारत काही नसत. स्वतःच्या अक्षरातली ती ओळ कोपऱ्यात अजून न पुसलेला फळा थुक्तेनला फोडावासा वाटला.

निघायच्या दिवशी गाव रीतीप्रमाणे शेवटच्या स्तूपापर्यंत पोचवायला आलं. सतरंजी अंथरली, चहा झाला. केझांगचा घोडा ओझं घेऊन उभा होता. इथून पुढे कोणी येत नाही.

"मेमे," थुक्तेन म्हणाला, "तुम्ही एकदाच का विचारलंत?"

"तुम्हीच शिकवलंत ना, लोपेन?"

चोकी आईच्या पाठीमागे तोंड लपवून रडत होती. युद्रोंगमध्ये आजवर कोणी बोललं नव्हतं असं उघडंवाघडं वाक्य थुक्तेन चाळीस माणसांसमोर बोलला.

"मला राहायचंय, ला."

लोक जमिनीकडे बघू लागले. मेमेंनी तळहात तोंडावर धरला. "मेशु मेशु, लोपेन. छे छे. तुम्हाला केवढा त्रास! तुमची बस तिकडे."

ही रीत की धडा? म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरून थुक्तेनला काही कळेना. आपल्याच नियमाने आता गुमान चालू लागायला हवं होतं.

"राहू द्या मला," तो म्हणाला.

"नको, नको. इथे मीठसुद्धा घोड्यावरून येतं."

केझांगने घोड्याचा दोर हातात घेतला. खालून वारा आला. थुक्तेनचे कान लाल झाले होते, पण तो जागचा हलला नाही.

"मेमे, मी राहतोय. खरंच."

मेमेंनी तोंडावरचा हात काढला.

"आता तुमचा एवढा आग्रहच आहे," ते म्हणाले, "तर राहा."