इंजिनाचा हार

आमच्या मुलुंडच्या चाळीत तळमजल्यावर एक गृहस्थ राहायचे. शर्टाच्या खिशात कायम फूटपट्टी, बोलणंही मोजूनमापून. ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराला चाळीच्या गणपतीत त्यांनी घाटाचा देखावा केला, खेळण्यातल्या आगगाडीसकट. महिनाभर नुसते हिशेब. मला सांगायचे, "वहिनी, शंभर इंचांना दोनच इंच चढ. जास्त दिला तर इंजिन दमतं." बोगदाही इंजिनाच्या डोक्यावर अर्धा इंच सोडून बेतलेला.

पहिल्या आरतीनंतर गाडी सुटायची होती. आता नवी गाडी, ती हाराशिवाय कशी सोडायची हो? मी गुपचूप इंजिनाला शेवंतीचा हार घातला. गाडी घाट झोकात चढली आणि बोगद्याच्या तोंडाशी हार अडकून डबे घसरले.

"काका, वाट लागली ना तुमच्या हिशेबाची!" पोरं ओरडली. मोठेही हसले.

त्यांनी हार सोडवला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सगळ्यांना म्हणाले, "चुकलं माझंच." मी मात्र ताट उचलून प्रसाद वाटायला लागले.

पुढच्या श्रावणात ते फूटपट्टी घेऊन माझ्या दारात उभे. "वहिनी, यंदा हार केवढा करणार? त्या मापाचा बोगदा करतो."