सीलबाईचा दादा

कारखान्यांच्या गल्लीत तिला सगळे सीलबाई म्हणत. ती प्रदूषण नियंत्रणाच्या कार्यालयात तपासनीस होती. नाल्यात रंगीत पाणी सोडणाऱ्याला ती आधी समजावून सांगे, मग नोटीस देई, आणि तरीही फरक पडला नाही तर दाराला सील ठोकून मोकळी होई. या नावाचा तिला राग नव्हता. कुणी घाबरून 'मॅडम' म्हटलं की ती उलट विचारी, काय लपवताय?

त्याच गल्लीच्या टोकाला तिच्या थोरल्या भावाचा, दादाचा, प्लेटिंगचा कारखाना होता. नळ, कड्या, सायकलची हँडलं यांवर क्रोमचा चकचकीत मुलामा चढवायचं काम. वडील अचानक गेले तेव्हा दादाने शाळा सोडली आणि तो या टाक्यांपाशी उभा राहिला. बहिणीच्या हाती रसायनशास्त्राची पदवी पडेपर्यंत त्याने मान वर केली नाही. टाक्यांवरच्या वाफेने त्याच्या नाकातून अधूनमधून रक्त येई. तो कापसाचा बोळा कोंबून म्हणे, उष्णता झालीय. सांडपाणी शुद्ध करायची सोय कर, असं तिने कितीदा सांगितलं. तो 'बघू' म्हणायचा, आणि दादाचं बघू म्हणजे नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मग गल्लीमागच्या विहिरीला पिवळं पाणी येऊ लागलं आणि लोकांनी तक्रार केली. तिने साहेबांना सांगितलं, माझा सख्खा भाऊ आहे, तिथे दुसऱ्या कुणाला पाठवा. तिचा सहकारी गेला. दादाला नोटीस आधीच बजावलेली होती. कारखान्याच्या सांडपाण्यात क्रोम मर्यादेच्या कितीतरी वर निघालं आणि कारखान्याला सील लागलं.

संध्याकाळी दादा तिच्या दारात उभा राहिला.

"तू एक शब्द टाकायचा होतास," तो म्हणाला.

"टाकला असता तर साहेबांनी ऐकला असता, दादा. म्हणूनच नाही टाकला."

तो आत न येताच परत गेला. रात्रभर तिचा डोळा लागला नाही. आपण बरोबर वागलो हे तिला पटत होतं, पण त्याने जिवाला बरं काही वाटत नव्हतं.

दादाने अबोला धरला. ती मात्र रविवारी त्याच्या घरी जायची ती जातच राहिली. तो भिंतीकडे तोंड करून वहिनीला म्हणे, "तिला विचार, आता काय करायचं म्हणावं." दोन हात अंतरावर बसलेली ही सांगे, "वहिनी, त्याला सांगा, एकट्याला झेपणार नाही. गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून एक शुद्धीकरण केंद्र उभारा." वहिनी शेवटी वैतागली. मी काय टेलिफोनची तार आहे का, असं म्हणून स्वयंपाकघरात निघून गेली. आता निरोप पोचवायला कुणी उरलं नाही, तेव्हा दादालाच हसू आलं.

पुढचं काम सोपं नव्हतं. बाकीच्या कारखानदारांना पटवता पटवता दादाच्या चपला झिजल्या. पलीकडच्या शेजाऱ्याने कंटाळून धंदाच बंद केला. दादाचे जुने पॉलिशवाले दुसरीकडे कामाला लागले, ते परत आले नाहीत. पण केंद्र उभं राहिलं. टाक्यांवर वाफ ओढून घेणारे पंखे बसले. सहकाऱ्याने पुन्हा नमुना नेला, तो मर्यादेत निघाला आणि सील निघालं. विहिरीचं पाणी काही लगेच निवळलं नाही. तिथल्या लोकांना अजून टँकरच लागतो.

दादाने तिला कारखाना बघायला बोलावलं. या गल्लीची तपासनीस असेपर्यंत नाही, असं तिने सांगून टाकलं. तो चिडला नाही.

पुढे तिची बदली झाली. दुसऱ्याच दिवशी ती कारखान्यात गेली. दादाने तिला कारखाना आणि केंद्र स्वतः फिरून दाखवलं. या टाकीत पिवळ्या पाण्याचं विष मोडतं, पाणी हिरवट होतं, मग चुना घातला की गाळ खाली बसतो, असं तो समजावून सांगत होता, जणू तिने हे कधी ऐकलंच नव्हतं.

"हिरवट का होतं?" तिने विचारलं.

दादाने खांदे ताठ केले आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं.