उशीर त्यांचा, जिना हिचा

पडदा वर जातो तो सांगलीतल्या एका सरकारी सभागृहात. मधोमध हिरवं कापड घातलेलं लांब टेबल. टेबलामागे मानवी हक्क आयोगाच्या सदस्य बाई, फिरत्या सुनावणीसाठी आलेल्या. डावीकडे शाळेचे वकील विश्वजीतराव. उजवीकडे आष्ट्याचे ज्ञानूआबा आणि चाकाच्या खुर्चीत त्यांची नात प्रियदर्शनी.

आबांनी अडतीस वर्षं नाटक कंपनीत प्रॉम्प्टरचं काम केलं. राजे, राण्या, खलनायक, सगळे विंगेतल्या त्यांच्या कुजबुजीवर तरले. प्रेक्षकांनी मात्र त्यांचा आवाज कधी ऐकला नाही. आज चारचौघांत मोठ्यानं बोलायचं होतं.

जूनमध्ये शाळेनं दहावीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर नेला. लिफ्ट नाही. दोन शिपाई पोरीला उचलून वर नेत. मधेच खाली यावं लागू नये म्हणून ती दिवसभर पाणी पीत नसे. आबांनी तक्रार केली, आणि आज सुनावणीची पाचवी तारीख उजाडली. कधी नोटीस उशिरा मिळाली, कधी वकील बदलला, कधी कागद सापडेनात, कधी उत्तर टाईप व्हायचं होतं. डिसेंबर आला. असंच मार्चपर्यंत ढकललं की परीक्षा होऊन पोरगी शाळेबाहेर, मग तक्रारीचा निकाल लागून तरी काय उपयोग?

नट नेमका कुठं अडखळतो तिथं आबा संहितेत लाल खूण करीत. तशीच ही चार कारणं त्यांनी तारखांसकट वहीत लाल शाईनं उतरवली होती. आज ती वाचून दाखवायची, असं घरून ठरवून आले होते.

विश्वजीतराव उठले. "मॅडम, मुख्याध्यापकांचं परवा ऑपरेशन झालं. उत्तरावर सही हवी, पंधरा दिवस मिळावेत." त्यांनी दवाखान्याचा कागद पुढे केला. या वेळी नजर फायलीत नव्हती, सरळ बाईंकडे होती.

आबा बघत राहिले. वेळ काढणारा नट आणि खरोखर अडलेला नट, विंगेतून दोन्ही ओळखू येतात.

"तुमचं म्हणणं?" बाईंनी विचारलं.

आबा कुजबुजले.

"मोठ्यानं बोला, आजोबा."

"मी म्हनलो, द्या तारीख."

"आबा!" नातीनं बाही ओढली.

"आजचं कारण खरं हाय त्येंचं. आदीची चार ह्या वहीत हायेत, ती सवडीनं बघा. पर मॅडम, आमच्या कंपनीत नट उशिरा आला तर खेळ थांबायचा. तिकीट काढल्याली मानसं मातर पावसात न्हाई उभी केली कवा. आत घेऊन बसवायची, पेटीवाला कायबाय वाजवत ऱ्हायचा. उशीर ह्येंचा, मग जिना हिच्या नशिबी का?"

"खाली खोली रिकामी नाही," विश्वजीतराव म्हणाले.

"खालच्या पाचवीच्या पोरांस्नी पाय हायेत की, सर," प्रियदर्शनी म्हणाली.

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी वही मागून घेतली, लाल अक्षरांवरून बोट फिरवलं आणि सांगितलं, पंधरा दिवस दिले, पण हे शेवटचे. त्यानंतर उत्तराची वाट बघणार नाही. आणि निकाल लागेपर्यंत, येत्या सोमवारपासून, दहावीचा वर्ग तळमजल्यावर भरेल.

बाहेर व्हरांड्यात पोरीनं बाटली उघडली आणि ती घटाघटा पाणी प्यायली. मग तोंड पुसत म्हणाली, "जिंकलो व्हय, आबा?"

"न्हाई गं. खेळ अजून व्हायचा हाय. पर तू आत बसलीस."