सोडली म्हणजे कधी सोडली?

डॉ. कुमुद नवलकर मॅडमची आणि माझी पहिली भेट एका रुग्णाच्या पलंगापाशी झाली आणि त्या भेटीतून मी अजून पुरता सावरलेलो नाही. मॅडमच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथासाठी ‘चार चांगले शब्द’ लिहा, असं संपादकांचं पत्र आलं. चांगले शब्द लिहायला माणसं पुष्कळ आहेत. मी जे पाहिलं ते सांगतो. त्यात माझी शोभा होणार आहे, त्याला इलाज नाही.

गिरणी संपातला तो पहिला श्रावण. गिरणगावातल्या एका रुग्णालयात, हाडांच्या वॉर्डात मी निवासी डॉक्टर होतो. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण चूक माझी होती. मी फणसवाडीत वाढलेला, बोर्डात आलेला, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. श्रावणाच्या पहिल्याच संध्याकाळी लालबागचे एक कामगार चाळीच्या जिन्यावरून घसरून, पाय मोडून आले. त्यांना इथे वामनराव म्हणू. केसपेपर भरताना मी विचारलं, “दारू घेता?”

“सोडली, सायबानू,” ते म्हणाले. मी खुशीत लिहिलं : व्यसन नाही.

तिसऱ्या दिवशी वामनराव घामाने निथळत होते, प्लास्टरचा पाय आपटत होते, बायकोला ओळखत नव्हते. दोन्ही हातांनी हवेत काहीतरी चिमटीत धरून पिळत होते. वॉर्डबॉयनी त्यांचे हात पलंगाला बांधले. ‘वात झालाय,’ असं आया म्हणाल्या. शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्यांनी देवचार, म्हणजे कोकणातलं भूत, लागल्याचं निदान केलं. मी दोघांपेक्षा शहाणा. मी त्यांना वेड्यांच्या इस्पितळात पाठवायचा कागद तयार केला आणि त्यांच्या पत्नीला अंगठा उठवायला सांगितलं.

त्यांनी हात पदराखाली घेतला. “ह्ये येडे नाय हत, डॉक्टरानू. येड्याचो कागद झालो तर संप मिटल्यार गिरणी ह्येंका परत घेवची नाय.”

“मग मी सांभाळू का त्यांना?” मी म्हणालो. हे वाक्य मी खरोखर बोललो आहे.

तेवढ्यात मानसोपचार विभागातून मॅडम आल्या. मी त्यांना सहीपुरतं बोलावलं होतं. तिशी नुकतीच ओलांडलेली, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. मी पेन पुढे केलं. त्यांनी ते घेतलं, स्वतःच्या पिशवीत टाकलं आणि आधी वामनरावांचे हात सोडायला लावले. मग चांगली दहा मिनिटं त्या नुसत्या त्या हातांकडे बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं, यांनाही काही सुचत नाहीये.

“गिरणीत कुठल्या खात्यात होते?” त्यांनी पत्नीला विचारलं.

“साच्यावर.” साचा म्हणजे कापड विणायचा माग.

“बघा डॉक्टर, तुटलेला धागा सांधतायत. ते आत्ता कामावर आहेत.” मग माझ्याकडे वळून, “दारू?”

“सोडलीय. लिहिलंय मी.”

“सोडली म्हणजे कधी सोडली?”

उत्तर पत्नीने दिलं. “श्रावण पाळतत ना. अमावाशेक शेवटची घेतल्यानी.”

गिरणगावात रोज हातभट्टी घेणारी माणसंही श्रावण कडक पाळत. अमावास्येला पोटभर घेऊन दुसऱ्या दिवसापासून थेंबाला शिवत नसत. मला हे लहानपणापासून ठाऊक होतं. वर्षानुवर्षं रोज मिळणारी दारू एकदम तुटली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मेंदू असा खवळतो आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो, हेही वाचून मी पास झालो होतो. एकाच चाळीत राहून तोंडओळख नसलेल्या बिऱ्हाडांसारख्या त्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात राहत होत्या.

मॅडमनी इंजेक्शनं सुरू केली, जीवनसत्त्व दिलं, सलाईन लावलं. ओळखीचा आवाज कानावर पडत राहावा म्हणून पत्नीला उशाशी बसवलं. त्या स्वतः दिवसातून चारदा येऊन जात. चार दिवसांनी वामनरावांनी पत्नीकडे बघून विचारलं, “तू हय कशी? पोरांका जेवाण कोण घालता?” वेड्यांच्या इस्पितळाचा तो कागद मॅडमनी फाडला नाही. माझ्याकडूनच तो रद्द करून घेतला आणि त्याखाली कारण लिहायला लावलं.

मला वाटलं, सुटलो. तेव्हा मॅडमनी विचारलं, “गेल्या श्रावणात असं कोणाचं झालं होतं?”

झालं होतं. घोडपदेवचे एक गृहस्थ. त्यांनीही ‘सोडली’ म्हटलं होतं, मीही तेच लिहिलं होतं. त्यांचेही हात बांधले होते आणि ते तसेच, बांधलेल्या हातांनी गेले. मी हृदय बंद पडल्याची नोंद करून जेवायला गेलो होतो. मॅडमनी विचारेपर्यंत मला ते आठवलंही नव्हतं. मी रिकाम्या पलंगावर बसलो.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी धीरही दिला नाही. “पत्ता काढा. रविवारी जाऊ,” म्हणाल्या.

“आता जाऊन काय उपयोग, मॅडम?”

“ते त्यांना ठरवू दे.”

घोडपदेवला त्या गृहस्थांच्या पत्नी खानावळ चालवत होत्या. संपामुळे निम्मे जेवणारे गावी निघून गेलेले. मॅडमनी खाली बसून, एकही इंग्रजी शब्द न वापरता सगळं सांगितलं. बाईंचं लाटणं थांबलं. “म्हंजे तेवा कळला असता तर ह्ये जगले असते?”

मी मनात उत्तराची जुळवाजुळव करत होतो. गुंतागुंत, शक्यता, असले शब्द. मॅडम म्हणाल्या, “बहुतेक जगले असते. चूक आमची आहे.”

डॉक्टरने असं बोलायचं असतं हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. बाई रडल्या नाहीत. म्हणाल्या, “माणसा म्हणतत, येड लागान मेले. माझ्या चेडवाक सोयरीक येणा नाय. ह्या तुमी आमच्या गावच्या खोलयेत येवन सांगशात?”

चेडू म्हणजे मुलगी. तिचं लग्न बापाच्या ‘वेडा’पायी अडलं होतं.

तिथून मॅडम मला गिरगावात त्यांच्या घरी घेऊन गेल्या. मी वाटेत राजीनाम्याचं बोललो होतो. त्यांच्या आईंनी काही न विचारता पान वाढलं. मॅडम म्हणाल्या, “राजीनामा द्याल, तुमच्या जागी दुसरा येईल आणि तोही ‘सोडली’ असंच लिहील. जेवा.” मी जेवलो. राजीनामा राहिला.

पुढच्या रविवारी आम्ही गावकऱ्यांच्या खोलीत गेलो. एका गावचे कामगार मिळून राहत ती ही खोली. तीसेक संपकरी भिंतीला टेकून बसले होते. मॅडमनी उभं राहून सांगितलं, की ते वेडे नव्हते, आजारी होते आणि आम्हा डॉक्टरांना ते ओळखता आलं नाही. मग म्हणाल्या, “श्रावण जरूर पाळा. पण पुढच्या वेळी आमच्याकडे येऊन सोडा.”

मागून कोणीतरी विचारलं, “मॅडम, डाक्टराकडसून सोडल्यार देवाक चलात काय?”

“देवाचं मला माहीत नाही. तुमच्या मेंदूला चालेल.” खोली हसली. त्या आठवड्यात मीही पहिल्यांदाच हसलो.

पुढच्या आषाढात ओपीडीबाहेर रांग लागली. भ्रमावस्थेवरच्या ज्या संशोधनासाठी मॅडमचा हा गौरव होतो आहे, ते त्या रांगेतून सुरू झालं. मॅडमच्या वहीत ‘शेवटचा घोट कधी’ असा एक रकाना होता आणि ‘हात काय करतात’ असा दुसरा. माझगावच्या एक कोळीणआजी न्यूमोनियाच्या तापात हवेत कोळंबी सोलत होत्या. नव्याने शहाणा झालेला मी तिथेही दारूच शोधायला लागलो, तर मॅडमनी मला सगळ्यांदेखत झापलं. आजी जन्मात दारूला शिवलेल्या नव्हत्या. वामनरावांची गिरणी पुढे उघडलीच नाही. ते मात्र कितीतरी वर्षं ओपीडीत येऊन नव्या माणसांशेजारी बसत. घोडपदेवच्या मुलीचं लग्न दुसऱ्या वर्षी जमलं. मॅडम लग्नाला गेल्या आणि मलाही ओढून नेलं.

हा लेख लिहिण्याआधी मी मॅडमना फोन केला. “घोडपदेवची गोष्ट लिहिली तर चालेल का?”

“लिहा. त्यांचं नाव गाळा,” मॅडम म्हणाल्या. मग म्हणाल्या, “तुमचं लिहा.”

मॅडमना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे आणि डोळे शाबूत राहोत आणि आम्हाला अडचणीत टाकणारे प्रश्न त्यांना सुचत राहोत, ही आम्हा सगळ्यांची मनापासूनची इच्छा. बाकी, त्यांनी सांगितल्याप्रमाणे : घोडपदेवच्या त्या गृहस्थांचा केसपेपर मी लिहिला होता.

डॉ. श्रीधर पाटकर